जिल्ह्याची हद्द कशाने ठरावी: गावांच्या यादीने की कायद्यात लिहिलेल्या रेषेने?

गावशीव (धागाकर्ता)

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ मध्ये जिल्ह्याची हद्द सांगणारी एकही रेषा नाही. कोणते जिल्हे मिळून महसुली विभाग होतो, कोणते उपविभाग मिळून जिल्हा, कोणते तालुके मिळून उपविभाग, कोणती गावे मिळून तालुका आणि कोणते स्थानिक क्षेत्र म्हणजे गाव, हे राज्य शासनाने राजपत्रातील अधिसूचनेने जाहीर करावे, एवढेच ते कलम सांगते. अशी क्षेत्रे एकत्र करणे, तोडणे, रद्द करणे किंवा त्यांचे नाव बदलणे हेही अधिसूचनेनेच होते. परिणामी कडेच्या गावांच्या शिवा एकापुढे एक जोडत गेल्यावर जे तयार होईल ती जिल्ह्याची हद्द. त्यापलीकडे तिला कायद्यात स्वतःचे अस्तित्व नाही.

ही पद्धत बदलावी आणि जिल्ह्याची हद्द विधिमंडळाने कायदा करून, अक्षांश-रेखांशांसह वर्णन केलेल्या रेषेने ठरवावी, असे माझे मत आहे. १ मे १९६० रोजी राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर निघाला. ज्या निर्णयाने लाखो लोकांचे जिल्हाधिकारी कार्यालय बदलते, त्यावर सभागृहात मतदान होण्याची गरजच कायद्याने ठेवलेली नाही.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. इंदापूर आणि करमाळा या तालुक्यांमध्ये, म्हणजेच पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांमध्ये, भीमेचे पात्र ही हद्द होती. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि ते पात्र जलाशयाखाली गेले. गावनकाशावरची शीव होती तेथेच आहे, परंतु वाळू उपसणाऱ्या बोटीला ती दिसत नाही आणि त्या बोटीवर कारवाई करायला निघालेल्या पथकालाही दिसत नाही. कायद्यात अक्षांश-रेखांशांचे निर्देशांक असते, तर बोट कोणत्या तहसीलदाराच्या हद्दीत आहे याचे उत्तर पथकाला हातातल्या मोबाइलवर मिळाले असते.

आकारबंद

धागाकर्त्यांनी नियमाचे वर्णन अचूक केले आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. माझी नोकरी मोजणीच्या कामात गेली आहे, म्हणून सांगतो की गावांची यादी हा हद्दीचा दुबळा पुरावा नसून सर्वांत भक्कम पुरावा आहे. सातबारा, फेरफार, मतदार यादी, जनगणना हे सगळे गावनिहाय चालते. जिल्ह्याची स्वतंत्र रेषा कायद्यात आखली आणि ती गावाच्या शिवेशी हातभर जरी जुळली नाही, तर एकाच गट नंबरचे दोन तुकडे दोन जिल्हाधिकाऱ्यांकडे जातील आणि एका शेतकऱ्याला एका बांधासाठी दोन ठिकाणी खेटे घालावे लागतील.

संसदेनेदेखील राज्यांच्या सीमा ठरवताना हीच रीत वापरली. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घालताना त्यातून चंदगड तालुका वगळला, म्हणून चंदगड आज कोल्हापुरात आहे. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात घेताना देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे नावानिशी वगळली. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात तर ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची, तसेच पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांची गुजरातला द्यायची गावे अनुसूचीत एकेक करून लिहिलेली आहेत. राज्यांची वाटणी ज्या साधनाने झाली, ते साधन जिल्ह्याला अपुरे पडते असे म्हणायचे असेल, तर त्यासाठी उजनीच्या बोटीपेक्षा वजनदार पुरावा हवा.

गावशीव

वजनदार पुरावा आपल्याच उदाहरणाशेजारी आहे. १९५६ च्या त्याच कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा तालुका मुंबई राज्याला दिला. त्याच टापूत आज चंद्रपूर जिल्ह्याचा जिवती तालुका आहे आणि तेथील सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा हे दोघेही हक्क सांगतात. तेथील रहिवाशांकडे दोन्हीकडची शिधापत्रिका असते. तालुक्याचे नाव यादीत आले, पण त्या तालुक्याचे शेवटचे गाव कोणते आणि त्या गावाचे शेवटचे शेत कोणते, हे जमिनीवर पक्के झालेले नसेल, तर यादी ही केवळ नामावली उरते. जेथे मोजणी चोख झाली आहे तेथे आपण म्हणता ते खरे आहे. वाद मात्र नेमका जेथे ती झालेली नाही तेथेच उभा राहतो.

किनारपट्टी

मी गेली काही वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. धागाकर्त्यांना हवी असलेली व्यवस्था येथे प्रत्यक्षात आहे, म्हणून लिहितो. या राज्याच्या गव्हर्नमेंट कोडमध्ये सर्व ५८ काउंटींच्या (म्हणजे येथील जिल्ह्यांच्या) हद्दी शब्दांत वर्णन केलेल्या आहेत: अमुक पर्वताच्या माथ्यावरून, तमुक ओढ्याच्या मध्यातून, सरकारी मोजणीच्या अमुक चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंत. वाचायला कंटाळवाणे आहे, पण कोणाही नागरिकाला कायद्याचे पुस्तक उघडून आपली काउंटी कोठे संपते ते पाहता येते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. येथे शेवटची नवी काउंटी १९०७ साली झाली, सॅन दिएगोतून वेगळी काढलेली इम्पीरियल. त्यानंतर राज्याची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली, एकट्या लॉस एंजेलिस काउंटीत आज सुमारे एक कोटी लोक राहतात आणि सॅन बर्नार्डिनो काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ५२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ एक षष्ठांश आहे, तरी रेषा फारशा हललेल्या नाहीत. याला इतरही कारणे आहेत, पण कायद्यात कोरलेली रेषा बदलणे जड जाते हे त्यांपैकी एक आहेच. अहिल्यानगर जिल्ह्याच्या विभाजनाची मागणी किती जुनी आहे, हे आपण सर्व जाणतो. विधिमंडळाची अट घातल्यास ती मागणी आणखी दोन पिढ्या तशीच राहील.

आकारबंद

किनारपट्टी यांनी माझेच म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले.

दप्तरदार

वर विधिमंडळ विरुद्ध मंत्रिमंडळ असा सामना लावला जात आहे, पण कलम ४ च्याच पोटकलम (४) कडे कोणी पाहिलेले दिसत नाही. या कलमाखालची प्रत्येक अधिसूचना आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावी लागते, हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांचा विचार करावा लागतो. लोकांना बोलण्याची संधी कायद्यात आहे. ती संधी तालुक्याच्या फलकावर चिकटवलेल्या कागदापुरती राहते, ही खरी तक्रार असायला हवी. पालघरच्या वेळी मुख्यालय पालघरला की जव्हारला यावर जेवढे रण माजले, त्याच्या शतांश लक्षही हद्दीकडे गेले नाही. कारण आठ तालुके जसेच्या तसे उचलले गेले आणि जुनी तालुक्याची हद्द हीच नवी जिल्ह्याची हद्द झाली.

शिवाय ‘जिल्हा’ म्हणजे कोणता, हेही धागाकर्त्यांनी सांगावे. महसुली जिल्हे ३६ आहेत आणि जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबईच्या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. इतर जिल्ह्यांतही महानगरपालिका आणि नगरपालिकांचे क्षेत्र जिल्हा परिषदेच्या कक्षेबाहेर असते. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचे पोलीस आयुक्तालय २०२० पासून ठाणे आणि पालघर अशा दोन जिल्ह्यांवर पसरलेले आहे. कायद्यात एक पवित्र रेषा आखली, तरी यांपैकी कोणते खाते तिला बांधील राहणार?

गावशीव

मी महसुली जिल्ह्याबद्दल बोलत आहे, कारण बाकीची बहुतेक क्षेत्रे त्याच्याच तुकड्यांनी वर्णन केली जातात. २००८ च्या मतदारसंघ परिसीमन आदेशात शहरी प्रभाग सोडले तर विधानसभेचे मतदारसंघ मुख्यतः तालुका आणि महसूल मंडळ यांच्या नावांनी सांगितले आहेत. जनगणनेपूर्वी प्रशासकीय हद्दी गोठवाव्या लागतात आणि येत्या जनगणनेसाठी ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२५ ही होती. ज्या पायावर एवढे मजले चढतात, तो पाया अधिसूचनेवर ठेवणे मला जोखमीचे वाटते. मसुद्यावरील हरकतींचा विचार तोच पक्ष करतो ज्याने मसुदा काढला, त्यामुळे त्या तरतुदीवर माझी फारशी श्रद्धा नाही.

यादी विरुद्ध रेषा या प्रश्नावर मात्र एक पाऊल मागे येतो. रेषा यादीऐवजी नको, यादीसोबत असावी. आणि दोहोंत फरक पडल्यास गावाची शीव प्रमाण मानावी, असे कायद्यातच लिहावे. गट नंबर तुटण्याची आकारबंद यांची भीती त्याने दूर होईल.

आकारबंद

शीव प्रमाण मानायची असेल, तर रेषेचा कायदा हवा कशाला? संहितेच्या नवव्या प्रकरणात गावांच्या हद्दी ठरवण्याची पूर्ण व्यवस्था आहे. लगतच्या गावांचे ग्रामाधिकारी एखाद्या रेषेवर स्वेच्छेने सहमत झाले तर ती लेखी घेऊन कायम करता येते, आणि सहमती झाली नाही तर मोजणी अधिकारी निर्णय देतो. जिल्ह्याच्या काठावरची तेवढी गावे निवडून त्यांच्या शिवा उपग्रहाधारित यंत्राने नव्याने मोजाव्यात, निर्देशांक गावनकाशावर नोंदवावेत आणि हद्दीचे दगड पुन्हा बसवावेत. यासाठी कायद्याचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. लागतात मोजणीदार, आणि त्यांची पदे रिकामी ठेवायची नसतात. इंदापूर आणि करमाळ्याचे दोन तहसीलदार जुळले नाहीत, तर दोघांच्या वर पुणे विभागाचे आयुक्त आहेतच.

गावशीव

इंदापूर-करमाळ्यापुरते ते ठीक आहे. त्याच भीमेवर थोडे वर या. सिद्धटेक कर्जत तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात आणि नाशिक विभागात आहे. समोरचा काठ दौंड तालुक्याचा, म्हणजे पुणे जिल्ह्याचा आणि पुणे विभागाचा आहे. तेथे दोन तहसीलदार, दोन जिल्हाधिकारी आणि दोन विभागीय आयुक्त वेगवेगळे असल्याने त्यांच्यावरचा पहिला सामाईक अधिकारी थेट मंत्रालयात सापडतो. आपण सांगता त्या मोजणीचा आदेश तेथे कोणी काढायचा आणि दोन नकाशे निघाले तर कोणाचा धरायचा, याचे उत्तर नवव्या प्रकरणात असल्यास कृपया कलम क्रमांकासह द्यावे.