मदत हवी: बागेत ज्येष्ठांसाठी काय मागू? सोमवारपर्यंत लेखी द्यायचंय

आमच्या इथली बाग नव्याने करणारेत, काय पाहिजे ते सोमवारपर्यंत लिहून द्या म्हणलेत. आई आधी रोज जायची, आता जात नाही. बाकी सगळे ओपन जिम मागायलेत. तिच्यासारख्यांनी परत चालायला यावं असं काय लिहू? पटकन सांगा.

जुळेसोलापूरकर: बाग कुठली, आईंचं वय काय, जायचं बंद का झालं? ते तर सांगा की ओ.

धागाकर्ता: विजापूर रोडकडची, छोटीच आहे. वय ७१, गुडघे दुखतात.

निवृत्तमास्तर: ओपन जिमच मागा. मी ते हाताचं चाक रोज फिरवतो, आखडलेला खांदा मोकळा झाला.

फिजिओताई: मास्तर, तुमचा खांदा होता, यांचे गुडघे आहेत. अमेरिकेतल्या पार्कांच्या मोठ्या पाहणीत साठीपुढचे लोक लोकसंख्येत २० टक्के पण पार्कात जेमतेम ४ टक्के दिसले, आणि जिथे गोल फिरून येणारा चालायचा ट्रॅक होता तिथे ज्येष्ठांचा वावर बराच जास्त होता. आधी ट्रॅक मागा, सपाट, पायरी नको.

निवृत्तमास्तर: अमेरिकेचं सोलापुरात कशाला? इथे एप्रिलमध्ये ४२ च्या वर पारा जातो, आधी कडुनिंब लावा म्हणावं.

फिजिओताई: सावली पाहिजेच, पण झाड वाढेपर्यंत शेड घाला.

सिद्धरामभक्त: त्यापेक्षा सिद्धेश्वर तलावाला न्या, पहाटे काय वारा असतो. आणि अॅक्युप्रेशरचा गोट्यांचा ट्रॅक मागा, अनवाणी चाललं की शुगर उतरते.

फिजिओताई: कृपा करून असलं सांगू नका. शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव बऱ्याचदा कमी झालेली असते, मग जखम झालेली कळतसुद्धा नाही.

कडकभाकरी: आईंचं डी व्हिटॅमिन तपासलं का?

धागाकर्ता: तपासलंय ओ, गोळ्या चालू आहेत. तिथे नुसते बुटके कट्टे आहेत, मागे टेकायला नाही. एकदा बसली ती उठताच येईना, दोन पोरांनी धरून उठवलं, त्यानंतर गेलीच नाही.

जुळेसोलापूरकर: अहो मग हे पहिल्यांदा सांगायचं!

फिजिओताई: मग बाकच पहिल्या नंबरला लिहा. बसायची उंची ४५ सेमीच्या आसपास, पाठ पाहिजे, दोन्ही बाजूंना हात पाहिजेत, म्हणजे हातावर जोर देऊन उठता येतं. दर ५० मीटरला एक तरी. पुढे बसायला मिळणारे हे माहीत असलं की गुडघेदुखीवाला माणूस निघतो, नाहीतर गेटातूनच माघारी फिरतो. सोबत रेलिंगचा एक तुकडा मागा, धरून तोल सांभाळायचे व्यायाम होतात, ज्येष्ठांनी आठवड्यात तीन दिवस ते करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

निवृत्तमास्तर: बाकाचं मला पटलं. पण एक तरी चाक लिहा.

धागाकर्ता: लिहितो मास्तर. अजून काय राहिलं?

जुळेसोलापूरकर: संडास. लांब असला तर म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत.

फिजिओताई: आणि गाड्या आत येऊ नयेत म्हणून गेटला आडवेतिडवे पाइप लावलेत का? मधली जागा टेपने मोजून सांगा, वॉकर आणि व्हीलचेअर जायला ९० सेमी तरी पाहिजे.