हिवाळ्यात एखाद्या युरोपीय राजधानीत दोन-तीन दिवस काढलेत का? लिहा इथे

शेवंती
भाची पुढच्या महिन्यात कोपनहेगनला चाललीय, ऑफिसच्या कामाला जोडून तीन दिवस. "मावशी, तुझा तो जाडा कोट दे ना." दिवाणाच्या पोटातून काढला. डांबरगोळ्यांचा वास, आणि आतल्या खिशात चुरगळलेलं मेट्रोचं कागदी तिकीट. बुडापेस्ट, जानेवारी २०१९. कोट मांडीवर घेऊन बसून राहिले, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली.

तेव्हा नवऱ्याचं म्युनिकला सहा महिन्यांचं काम होतं आणि सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. घरात बसून कंटाळल्या. आगगाडीने सातेक तासांत बुडापेस्ट, म्हणून शुक्रवारी निघालो, सोमवारी परत. साडेचारला दिवेलागण. डॅन्यूबवरून असा वारा की बोलायला तोंड उघडलं तर दात ठणकायचे. दोन नंबरच्या ट्रॅममध्ये बसून नदीकाठाने नुसत्या येरझाऱ्या घातल्या, कारण आत ऊब होती आणि संसदेची इमारत खिडकीतून आयती दिसत होती.

पण खरी गंमत सेचेनीची. १९१३ सालची पिवळीधमक राजवाड्यासारखी इमारत आणि मधल्या चौकात उघड्यावर गरम पाण्याची कुंडं. हवा उणे चार, पाणी अडतीस. कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंतची ती वीस पावलं! सासूबाई सहासष्ट वर्षांच्या. जन्मात पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख, तोही गुडघ्यापर्यंतचा, त्यावर टॉवेल, त्यावर माझा हाच कोट. काठाशी गेल्यावर कोट माझ्याकडे भिरकावला आणि "हर हर गंगे" करून आत. वाफेत दिसेनाशाच झाल्या. मी "आई, अहो आई" करत काठाने कुडकुडत फिरतेय. सापडल्या तेव्हा पाण्यातच बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन हंगेरियन आजोबांशेजारी उभ्या राहून पट बघत होत्या. "वज्रेश्वरीसारखंच आहे गं, फक्त देऊळ नाही."

तिकिटाचं म्हणाल तर तो दंडाचा पुरावा आहे. तिथली एक नंबरची मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे. रस्त्यावरून थोड्या पायऱ्या उतरलं की लगेच फलाट, दारात तिकीट पंच करायचं छोटं यंत्र. माझ्याकडून पंच करायचं राहिलं. वर येताना तपासनीस बाई उभ्या. असो.

तुम्ही लिहा. सगळं बघून झालं पाहिजे असं नाही, थंडीत कुठे अडकलात तेही चालेल.

नाना_कोपरगाव
राजधानीच ना? आम्ही डिसेंबरात रायगडला गेलो होतो. बाजारपेठेत पहाटे दात वाजत होते. युरोपीय नव्हती एवढंच :)

शेवंती
नाना, चालेल! अनुभव लिहा.

नाना_कोपरगाव
लिहिला की. दात वाजत होते.

बर्लिनकर
इथे नऊ वर्षं झाली, म्हणून भाचीसाठी लिहितो. एकच जाडा कोट घालून उपयोग नाही, आत पातळ पातळ तीन थर हवेत, कारण दुकानात शिरलं की घाम फुटतो. बुटांवर पैसे घाला. उणे पाच आणि कोरडं असेल तर काही वाटत नाही. अधिक दोन, पाऊस आणि वारा, ही खरी थंडी. कोपनहेगनला नेमकी तीच असते. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. बघायचं ते सकाळी बघून घ्यायचं आणि अंधार पडला की संग्रहालयात शिरायचं. संग्रहालय हा सगळ्यात स्वस्त हीटर आहे.

आईबाबा आले होते तेव्हा राइशटागच्या (जर्मन संसदेची इमारत) काचेच्या घुमटासाठी आधी नाव नोंदवलं (फुकट आहे, पण नोंदणी लागते). वर पोचलो तर धुकं. बाबा सबंध गोल चढून गेले आणि म्हणाले, "महाबळेश्वरला पण असंच व्हायचं."

चकली_भाजणी
शेवंती, सासूबाई भारीच! प्रवासात खायला काय नेलं होतं? माझा मुलगा फेब्रुवारीत चाललाय, डिंकाचे लाडू द्यायचे म्हणतेय

फुलपात्र
व्हिएन्ना. डिसेंबरात, आत्या बरोबर होती. राटहाउससमोरच्या (तिथलं नगरभवन) नाताळच्या बाजारात कपातून वाफाळतं काहीतरी मिळतं, लवंग-दालचिनी-संत्र्याचा वास. कपासाठी वेगळी अनामत घेतात, कप परत केला की पैसे परत. आत्याला वाटलं काढा आहे. आत्या सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं करणारी. "सर्दीला उत्तम," म्हणत दुसराही घेतला. ती गरम वाइन आहे हे आम्ही तिला सांगितलं नाही. आजतागायत नाही.

मुलांसाठी बिनदारूचा 'किंडरपुन्श' असतो हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि रविवार सांभाळा! रविवारी सगळी दुकानं बंद. आम्ही शनिवारी रात्री पोचलो, घरात ना दूध ना पाव. स्टेशनातलं एक दुकान उघडं सापडलं तर रांग दाराबाहेर.

उंटावरचा
आत्याला माहीत होतं. शंभर टक्के माहीत होतं.

फुलपात्र
हाहा! आता मलाही तसंच वाटायला लागलंय. कप तिने परत केला नाही, पिशवीत घालून आणला. देव्हाऱ्यात त्यात उदबत्त्या ठेवते.

आजोबा_७१
आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर प्राग पाहिले. पाहिले म्हणजे तीन तास. आमच्या वयाला थंडीचा खरा त्रास कोणता ते कोणी लिहीत नाही, मी लिहितो. दर पाऊण तासाला जावे लागते. आणि तिथे जायचे तर सुटी नाणी लागतात, तीही क्राऊनची, युरोची नव्हेत. जुन्या चौकातल्या त्या खगोलीय घड्याळाखाली (इ. स. १४१०) सगळे माना वर करून उभे. तास पडला की सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वर दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरून जातात. मिनिटभरात आटोपते. त्या मिनिटासाठी मी वीस मिनिटे पाय आवळून उभा होतो. सांगाड्याने घंटा वाजवली आणि मी धावलो. शिष्य मी पाहिलेले नाहीत. सौ. सांगते सुंदर होते.

बर्लिनकर
काका _/\_ हे प्रत्येक प्रवासी पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायला हवं.

रानजाई
+१ आजोबा.
@चकली_भाजणी डिंक फुलून आतपर्यंत कोरडा तळला गेला पाहिजे, मधे कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक पूड जास्त घाल, गूळ कमी. थंडीत दगड होतात नाहीतर.

सायलेंट_वाचक
सात वर्षं नुसतं वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

लंडन, २०१८. कामासाठी गेलो होतो, नाताळची सुट्टी आली. मला कोणी सांगितलं नव्हतं की २५ डिसेंबरला तिथे मेट्रो, बस, लोकल काहीच चालत नाही. हॉटेल कॅम्डनला. खाली आलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, हॉटेलं बंद. मग नकाशा बघितला तर दहा, किंग हेन्रीज रोड चालत जाण्यासारखं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये शिकत असताना जिथे राहिले ते घर. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलंय.

दार बंद होतं, असणारच. भिंतीवर निळी गोल पाटी आहे, त्यावर नाव आणि साल. मी समोरच्या फुटपाथवर उभा. एक म्हातारं जोडपं कुत्र्याला घेऊन गेलं, हॅपी ख्रिसमस म्हणालं. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बीडला, दुपारचे जेवून ओट्यावर बसले होते. मी फोन फिरवून पाटी दाखवली. बाबा काही बोलले नाहीत. फोन आईच्या हातात दिला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मग परत घेतला.

नंतर वर प्रिमरोझ हिलवर गेलो. सगळं लंडन खाली, आवाज नाही. बिस्किटांवर दिवस काढला.

शेवंती
काटा आला अंगावर. लिहीत जा हो.

चकली_भाजणी
डोळ्यात पाणी. (रानजाई, गूळ किलोला किती?)

म्हापसेकर
लिस्बन. जानेवारीत थंडी नाही, चौदा-पंधरा अंश असतं, असं ऐकून स्वेटर एकच नेलेला. बाहेर खरंच छान ऊन. पण तिथल्या जुन्या घरांत हीटर नसतात! बाहेर पंधरा, खोलीत त्याहून कमी, गादी दमट, अंघोळीनंतर तोंडातून वाफ. आम्ही गोंयकार, ओलावा काही नवा नाही, पण पावसाळ्यात निदान उकडतं तरी. तीन रात्री जीन्स घालून झोपलो.

बेलेमला जेरोनिमोसच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे, दारातून आत गेलं की लगेच. बायको म्हणाली, आपल्या गावाला ज्याचं नाव दिलं तो हा. (ती वास्कोची.) कॅफेत काचेच्या कपाटात 'शामुसा' दिसला. आपला सामोसाच. त्रिकोणी, पातळ पारीचा, आत मसाला नीट. आजीच्या हातची आठवण झाली म्हणणार नाही, आजी सामोसे करत नव्हती. पण चार खाल्ले.

उंटावरचा
शेवंती, चित्रकार अमृता शेरगिलचा जन्म बुडापेस्टचाच, जानेवारी १९१३. म्हणजे तुमची ती कुंडं उघडली त्याच वर्षी. आई हंगेरियन होती तिची.

शेवंती
अरे! हे तिथे असताना माहीत असतं तर. आता सासूबाईंना सांगते.

रानजाई
बुडापेस्टला आम्हीही गेलो होतो, फेब्रुवारीत. नदीकाठी ते लोखंडी बूट आहेत ना, साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना तिथे उभं करून, आधी बूट काढायला लावून, नदीत गोळ्या घालून टाकलं. स्मारक २००५ चं. बुटांत बर्फ साठलेला. एका लहान मुलाच्या बुटात कुणीतरी कागदातलं चॉकलेट ठेवलं होतं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. "हे घ्यायचं नसतं ना?" विचारलं तिने. मग आपल्या खिशातली लिमलेटची गोळी शेजारी ठेवली. फोटो काढला नाही.

@चकली_भाजणी अंदाजाने गं, मी मोजून नाही करत. खोबरं खरपूस भाज.

मुक्काम_पोस्ट
व्हिसाला किती दिवस आधी अर्ज करावा?

बर्लिनकर
भेटीची वेळ मिळेपर्यंतच दमछाक होते, दोनेक महिने धरून चला. तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आणि फोटो नेमक्या मापाचा काढा, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत "शेंगेन" (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) सांगा, त्याला माहीत असतं.

मुक्काम_पोस्ट
धन्यवाद. मी विदर्भातला, थंडी म्हणजे नागपूरची. झेपेल का?

नाना_कोपरगाव
नागपूरची थंडी झेपली तर काहीही झेपेल. तिकडे निदान घरं गरम असतात. (लिस्बन सोडून.)

शेवंती
सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. आता बाहत्तरच्या आहेत, कमरेचं दुखणं आहे पण कान तिखट. आत्याच्या काढ्यावर खो खो हसल्या. आणि माझ्यावर चिडल्यात. म्हणतात, "तिकीट पंच करायचं तुझ्या नवऱ्याकडून राहिलं, तुझ्याकडून नाही. तो फोनवर बोलत उतरला. दंड त्याने भरला, चेहरा त्याचा पडला. मी समोर होते. त्याला पाठीशी घालून लिहू नकोस."

तर दुरुस्ती करून घ्या. नवरा दुसऱ्या खोलीत आहे, त्याला अजून माहीत नाही.

कोट ड्रायक्लीनला दिलाय. तिकीट सासूबाईंनी मागून घेतलं.

आजोबा_७१
उत्तम. भाचीसाठी एकच प्रश्न, कोपनहेगनला त्या कामासाठी सुटी नाणी लागतात का?

बर्लिनकर
नाही काका, तिथली बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं फुकट आहेत.

आजोबा_७१
मग आम्ही कोपनहेगनलाच जायला हवे होते.