थंड, दमट हवेत उग्र वासाचा स्कंक गांजा: हॅम्बुर्गच्या बाल्कनीत बुरशी कशी टाळावी?

हॅम्बुर्गनिवासी

नमस्कार. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ व्यक्तीला राहत्या घरी, केवळ स्वतःच्या वापरासाठी, एका वेळी गांजाची तीन रोपे लावता येतात. त्यानुसार गेल्या वर्षी मी चौथ्या मजल्यावरील, नैऋत्येकडे उघडणाऱ्या बाल्कनीत स्कंक नंबर वन या वाणाची दोन रोपे मोठ्या कुंड्यांत वाढवली. सप्टेंबरअखेरपर्यंत दोन्ही रोपे उत्तम होती आणि तुरे मुठीएवढे, घट्ट भरले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सलग चार दिवस पावसाची भुरभुर चालू राहिली आणि पाचव्या दिवशी सर्वांत मोठ्या तुऱ्यातले एकच पान पिवळसर तपकिरी झालेले दिसले. ते मी चिमटीत धरले, तर जराही न ओढता हातात आले. तुरा उघडून पाहिला तेव्हा आतली दांडी काळपट, मऊ पडली होती आणि तिच्याभोवती राखेसारखी करडी धूळ होती. आठवड्याभरात निम्म्याहून अधिक फुलोरा फेकून द्यावा लागला.

मला हाच उग्र वासाचा वाण आवडतो आणि तो सोडण्याची माझी इच्छा नाही. इथल्या हवेत तो निरोगी कसा पिकवावा? फवारणीसाठी एखादे औषध आहे का?

निफाडचा

आपण वर्णन केलेली बुरशी बोट्रायटिस सिनेरिया, म्हणजेच करडी बुरशी आहे. स्ट्रॉबेरी आणि द्राक्ष यांच्यावरही तीच पडते. माझे लहानपण द्राक्षबागेत गेले असल्याने हिची चाल मला ओळखीची वाटते. पानांवर पांढरी पिठूळ भुरी पडते ती वरून दिसते, त्यामुळे वेळीच हालचाल करता येते. ही मात्र घडाच्या किंवा तुऱ्याच्या पोटात, जिथे वारा पोहोचत नाही आणि ओल सुकत नाही, तिथे सुरू होते आणि बाहेर पान वाळलेले दिसते तोवर आत बरेच काम झालेले असते. तिला कडक थंडी किंवा कडक ऊन मानवत नाही. पंधरा ते वीस अंश तापमान आणि सतत ओलसर हवा मिळाली की ती झपाट्याने पसरते, आणि हॅम्बुर्गची शरद ऋतूतली हवा नेमकी तशीच असते.

औषधाचा विचार कृपया मनातून काढून टाका. जो फुलोरा पुढे धुरावाटे किंवा वाफेवाटे फुप्फुसात जाणार आहे, त्यावर काहीही फवारू नये. बागेत पाऊस थांबला की वडील आम्हाला वेली हलवून घडांतले पाणी झाडायला लावत. तेच इथे रोज सकाळी करा. दांडा हलकेच झटकून दव खाली पाडा. पाणी सकाळीच आणि फक्त मातीला द्या. बगलफुटी आणि तुऱ्यांना झाकणारी आतली पाने ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने काढा. अळी दिसली तर हाताने वेचा, कारण तिने पोखरलेल्या जागी आणि तिच्या विष्ठेवर बुरशी आधी धरते.

एल्बेकाठची

पाने काढण्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. विरळणी उपयोगी आहे, परंतु आपल्या अक्षांशावर मूळ अडचण तारखेची आहे. हे झाड रात्र लांबू लागली की फुलावर येते. हॅम्बुर्गमध्ये २१ जूनला दिवस सुमारे १७ तासांचा असतो, त्यामुळे बहुतेक वाण ऑगस्टमध्ये फुलोरा धरू लागतात. त्यापुढे आठ-नऊ आठवडे मोजले की स्कंक नंबर वनची कापणी थेट ऑक्टोबरच्या मध्यावर येते, म्हणजे सर्वांत घट्ट तुरे आणि सर्वांत ओली हवा एकाच वेळी. पाने कितीही काढली तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून वास तोच ठेवून वाण लवकर येणारा निवडावा. अर्ली स्कंक हा स्कंक नंबर वन आणि अर्ली पर्ल यांच्या संकरातून आलेला आहे. फ्रिसियन ड्यू हा नेदरलँड्समधल्या ओल्या हवेसाठीच केलेला वाण असून त्याच्या वंशात सुपर स्कंक आहे. तिसरा मार्ग ऑटोफ्लॉवर जातीचा. ती दिवसाच्या लांबीची वाट पाहत नाही आणि बी रुजल्यापासून साधारण दहा-अकरा आठवड्यांत तयार होते. ११ ते १५ मेदरम्यानचे आइसहायलिगे, म्हणजे उशिराच्या गोठवणाऱ्या थंडीचे दिवस, उलटले की रोप बाहेर ठेवावे. ते ऑगस्टच्या आतच हाती लागते. झाड लहान राहते, परंतु कायद्याने घरी पन्नास ग्रॅमच सुका माल ठेवता येतो हे लक्षात घेता मला ती सोयच वाटते.

शिवाय बाल्कनीवर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा तिरपा बसवा आणि बाजू मोकळ्या ठेवा. निरभ्र रात्री झाडाची ऊब उघड्या आकाशाकडे निघून जाते आणि थंडावलेल्या तुऱ्यावर दव धरते. छत असेल तर पाऊस आणि दव दोन्ही बरेच टळतात.

हॅम्बुर्गनिवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. यंदा एक अर्ली स्कंक आणि एक ऑटोफ्लॉवर लावीन. एक प्रश्न राहिला. सप्टेंबरमध्ये वरच्या मजल्यावरील आजींनी वासाबद्दल तक्रार केली होती आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले. झाडे मित्राच्या श्रेबरगार्टनमध्ये, म्हणजे घरापासून वेगळ्या, भाड्याने घेतलेल्या छोट्या बागेत, हलवता येतील का?

प्रयोगशाळेतून

तसे करू नका. परवानगी केवळ राहत्या घरापुरती आहे आणि श्रेबरगार्टनमध्ये कायम राहता येत नाही. घरीसुद्धा रोपे मुलांच्या आणि परक्यांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवणे बंधनकारक आहे.

वासाविषयी थोडे सविस्तर सांगतो. पूर्वी त्याचे श्रेय फक्त टर्पीन वर्गातील द्रव्यांना दिले जाई. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की स्कंकचा तो खास दर्प गंधक असलेल्या थायॉलमुळे येतो. उन्हात राहिलेल्या हिरव्या बाटलीतल्या बिअरला येणारा वास त्याच द्रव्याचा असतो आणि लसणाचा उग्रपणाही त्याच्या जवळच्या गंधकी संयुगांतून येतो. हे द्रव्य अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवते आणि फुलोऱ्याच्या शेवटच्या आठवड्यांत झपाट्याने वाढते. त्यामुळे उघड्या बाल्कनीत ते लपवण्याचा खात्रीचा उपाय नाही. तेवढे शेवटचे आठवडे कुंडी घरात ग्रो टेंटमध्ये, म्हणजे रोपे वाढवण्याच्या बंदिस्त तंबूत, घ्यावी आणि हवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनच्या फिल्टरमधून बाहेर सोडावी. ऑटोफ्लॉवर लहान असल्याने हे सहज जमते आणि आजींनाही त्रास होत नाही.

कापणीनंतरही सावध राहा, कारण बुरशी सुकवतानाही धरते. तुरे अंधाऱ्या खोलीत सुटे टांगा. तापमान अठरा अंशांच्या आसपास आणि आर्द्रता पंचावन्न ते साठ टक्के राहील असे पाहा, त्यासाठी साधा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) पुरतो. दहा-बारा दिवसांनी बारीक दांडी वाकवल्यावर कट्कन मोडली तरच बरणीत भरा. एखाद्या तुऱ्यात करडी धूळ दिसली, तर चांगला भाग वेगळा काढत बसू नका, तो तुरा पूर्ण टाकून द्या आणि कात्री अल्कोहोलने पुसूनच पुढच्या तुऱ्याला लावा.