पोयाच्या मधात माडाचे परागकण, मग मध माडाचा का?

चिऱ्याचीभिंत: वेंगुर्ल्याला आमच्या मांगराच्या चिऱ्याच्या भिंतीत पोयाच्या माशा, म्हणजे डंख नसलेल्या इवल्या मधमाशा, आहेत, आजीच्या काळापासून. गेल्या आठवड्यात एक चिरा निखळला, पोळं फुटलं. हळहळ वाटली, पण दोन चमचे मध मिळाला, पातळ नि आंबटगोड. थेंब काचेवर घेऊन ४०० पटीत बघितला. दहातले आठ कण लंबगोल, मधे एकच लांब चीर. माडच ना? मग हा मध माडाचा म्हणायचा का? आजूबाजूला काजू, आंबा, पोफळी आहेत आणि कुंपणाशी जांभूळ.

परागवेडा: पोळं फुटलं इथेच घोळ आहे. पोया मध आणि पराग वेगवेगळ्या कुप्यांत ठेवतात, मेण आणि राळ मिसळून केलेल्या. परागाची एक कुपी फुटली तरी लाखो कण मधात उतरतात. बंद मधाच्या कुपीतून सिरिंजने मध घ्या. १० ग्रॅम मध २० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवा, सेंट्रीफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून कण तळाशी बसवा) आणि तळाचा गाळ बघा. शाळेच्या प्रयोगशाळेत यंत्र मिळेल. अ‍ॅसिटोलिसिस (आम्लाने परागकण साफ करायची रीत) मात्र घरी अजिबात नको, त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं.

बागायतदारीण: एक चीर म्हणजे माडच, असं नाही हो. पोफळीचीही तशीच असते. आधी तुमच्याच झाडांच्या उमलत्या कळ्यांतला पराग काढून नावानिशी काचा करून ठेवा. माझ्याकडे चाळीस झाल्यात. काजू आणि आंबा एकाच कुळातले, आणि फुलतातही एकाच हंगामात. त्या दोघांनी मला दोन वर्षं फसवलं.

चिऱ्याचीभिंत: बंद कुपीतून घेतला! माड आता दहात तीनच. बाकी बहुतेक बारीक त्रिकोणी, जांभळाच्या काचेशी जुळतात. शिवाय चार-चार चिकटलेले इवले कण आहेत, ते कसले?

परागवेडा: चौकडी असेल तर लाजाळू. वाटेकडेला असणारच. त्यावर माशा मुख्यतः परागासाठी जातात, म्हणून तो आकडा मकरंदाच्या हिशोबात धरू नका. ४५ टक्क्यांवर कण असले की त्या फुलाचा मध म्हणायची जुनी रीत आहे, पण कुठलं झाड पराग भरपूर देतं नि कुठलं कमी, हे त्यात दिसत नाही. आता सकाळी पोळ्याच्या दाराशी बसा आणि परतणाऱ्या माशांच्या पायांवरच्या गोळ्यांचा रंग टिपा. पोया फार लांब जात नाहीत, पाचेकशे मीटरच्या आतलीच झाडं आधी तपासा.

चिऱ्याचीभिंत: लाजाळू विहिरीच्या वाटेवर आहे! उद्या कापणार होते, आता ठेवते.