पोखरणला निदान एक रात्र तरी राहा

जोधपूर-जैसलमेर रस्त्यावर पोखरणला चहापुरतं थांबलं की पुरे, असं काही जण सांगतात. मला ते मुळीच पटत नाही.

पोखरण म्हटलं की आपल्याला १८ मे १९७४ आणि मे १९९८ च्या भारताच्या अणुचाचण्या आठवतात. पण ते चाचणीक्षेत्र गावाबाहेर आहे, लष्कराच्या ताब्यात, तिथे कुणाला सोडत नाहीत. त्यामुळे 'बघण्यासारखं काही नाही' असा समज होतो आणि लोक पुढच्या ११० किलोमीटरसाठी गाडी पिटाळतात.

खरं गाव आत आहे. तांबड्या दगडाचा किल्ला जैसलमेरच्या पिवळ्या किल्ल्याहून अगदी वेगळा दिसतो. आणि कुंभारवाडा चुकवू नका! भाजल्यावर गुलाबीसर होणारी इथली माती, त्यावर पांढऱ्या रंगाची नक्षी. या भांड्यांना भौगोलिक मानांकनही आहे. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या मातीकामाची सवय असलेल्याने तर ती हातात घेऊन बघावीतच. येताना चमचम घ्या, तिथली मिठाई.

भाद्रपदात जात असाल तर जवळच्या रामदेवरा गावी लोकदेव रामदेवजींची जत्रा असते. खांद्यावर झेंडे, हातात कापडी घोडे घेतलेले भाविक महामार्गाच्या कडेने चालत असतात, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. गोव्याहून आषाढात पंढरीला पायी जाणारे वारकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही माणसं परकी वाटणार नाहीत. त्या दिवसांत गाडी मात्र सावकाश हाका, रात्री तर नकोच. राहायची सोयही आधीच करून ठेवा.