.३०८ च्या पुंगळ्या रिसाइझ करताना प्रेस जड जाते आणि मान करकरते. मदत हवी आहे

नमस्कार.

मी ॲरिझोनात फीनिक्सजवळ राहतो आणि .३०८ विंचेस्टरच्या बोल्ट-ॲक्शन रायफलने लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरायला संघराज्य सरकारचा वेगळा परवाना लागत नाही. भारतात मात्र दारूगोळा तयार करण्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना आवश्यक आहे, हे तिकडच्या वाचकांसाठी आधीच नमूद करतो. इकडे राहून हे काम नियमितपणे करणाऱ्या मराठी मंडळींकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

अडचण झाडलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी पितळी आवरणे) पुन्हा मापावर आणण्याच्या, म्हणजे रिसाइझ करण्याच्या, टप्प्यावर आहे. माझ्याकडे दोन प्रकारच्या पुंगळ्या आहेत. पहिल्या बाजारातल्या काडतुसांच्या, माझ्याच रायफलमधून झाडलेल्या. दुसऱ्या लेक सिटी या अमेरिकी दारूगोळा कारखान्याच्या लष्करी, एकदा झाडलेल्या, घाऊक विकत घेतलेल्या. दोन्हींसाठी फुल-लेंग्थ डाय (पुंगळीला पूर्ण लांबीभर मापात दाबणारा साचा), सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारे हातदाब यंत्र) आणि वंगण एकच आहे, पण त्रास वेगवेगळा होतो. माझ्या पुंगळ्या डायमध्ये सहज जातात. मात्र हँडल वर घेताना, म्हणजे एक्सपांडर बॉल (मान आतून उघडणारा डायमधला गोळा) मानेतून (पुंगळीच्या तोंडाकडच्या अरुंद भागातून) बाहेर येताना, करकर आवाज होतो आणि हँडल क्षणभर अडते. लष्करी पुंगळ्या आत जातानाच इतक्या जड जातात की प्रेस बसवलेले टेबल हलते. त्यांतली एक डायमध्ये अडकली आणि तिला बाहेर ओढताना शेल होल्डरने (पुंगळीचे बूड पकडणाऱ्या भागाने) तिची कड फाडली. शेवटी प्रायमरच्या (बारूद पेटवणाऱ्या टोपीच्या) जागी ड्रिल चालवून, आत १/४-२० चे आटे पाडून, बोल्टच्या जोरावर ती खेचून काढावी लागली.

वंगण म्हणून मी द्रवरूप लॅनोलिन आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचे साधारण एकास बारा असे मिश्रण वापरतो. पुंगळ्या ट्रेमध्ये ओळीने उभ्या करून एका बाजूने फवारा मारतो आणि लगेच कामाला लागतो. अलीकडे सफाईची पद्धतही बदलली आहे. पूर्वी पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवत असे, आता पाण्यात पोलादी पिना घालून धुतो. त्या आतून-बाहेरून लखलखीत निघतात, आणि मानेची करकर साधारण तेव्हापासूनच ऐकू येऊ लागली आहे.

मोजमापेही देतो. झाडल्यानंतरच्या मापापेक्षा खांदा (मानेखालचा उतरता भाग) ०.००२ इंच मागे जावा, अशा बेताने डाय लावला आहे. प्रत्यक्षात काही पुंगळ्यांचा खांदा तेवढाच मागे जातो, काहींचा ०.००४ इंचापर्यंत जातो, तर काहींचा जवळजवळ हलतच नाही. शिवाय पुष्कळ पुंगळ्यांची लांबी रिसाइझनंतर २.०१५ इंचांची कमाल मर्यादा ओलांडते आणि त्या कापून २.००५ वर आणाव्या लागतात.

प्रश्न नुसत्या हाताच्या कष्टाचा असता तर मी हा धागा काढला नसता. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे गेला की काडतुसाला चेंबरमध्ये (रायफलच्या नळीत काडतूस बसते त्या पोकळीत) पुढे-मागे जागा राहते, झाडताना पुंगळी बुडाच्या जरा वर ताणली जाते आणि काही फेऱ्यांनंतर तिथेच आडवी फाटू शकते. असे काही रायफल खांद्याला लावलेली असताना घडू नये, म्हणून कारण नीट समजून घ्यायचे आहे. दोष वंगणात आहे, सफाईत आहे की डायच्या बसवणीत? एक्सपांडर बॉल काढून टाकून मान वेगळ्या मॅन्ड्रेलने (ठरावीक मापाच्या गुळगुळीत दांड्याने) उघडणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद

नमस्कार. आत जातानाचा आणि बाहेर येतानाचा अडथळा आपण वेगवेगळा लिहिलात, हे फार बरे केलेत. ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत आणि खांद्याच्या मापातला फरक बहुतांशी त्यांच्यातूनच निघालेला असावा. त्यामुळे तूर्त डायला हात लावू नका.

आधी लष्करी पुंगळ्यांविषयी. त्या बऱ्याचदा मशीनगनमधून झाडलेल्या असतात. मशीनगनचे चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेले असते, त्यामुळे पुंगळी बुडाजवळ जास्त फुगते; त्यात लष्करी पितळेची भिंतही सहसा जाड असते. पहिल्या खेपेला त्यांना जोर जास्त लागणारच. एकदा आपल्या चेंबरमध्ये झाडल्या गेल्या की पुढच्या वेळी त्या आपल्या इतर पुंगळ्यांच्या पंक्तीला येतील. या पहिल्या खेपेपुरते फवाऱ्यावर विसंबू नका. चांगले सायझिंग मेण बोटांच्या टोकांवर घेऊन पुंगळीच्या खालच्या अर्ध्या भागावर पातळसर चोळा, कारण खरा जोर तिथेच लागतो. खांद्यावर मेण साचू देऊ नका. अडकलेल्या वंगणाला जायला वाट राहिली नाही की ते पितळेत खळगा पाडते. डायला हवा जाण्याचे बारीक छिद्र असल्यास तेही मोकळे करून घ्या. अर्धा टप्पा गेल्यावर पुंगळी पुढे सरकत नसेल तर आणखी दाबू नका. बाहेर काढा, पुन्हा वंगण लावा आणि मग न्या.

लॅनोलिनचे मिश्रण उत्तम आहे, पण ते लावण्याची पद्धत मला पटत नाही. एका बाजूने फवारले की दुसरी बाजू कोरडी राहते, आणि अल्कोहोल उडून जाण्याआधी पुंगळी डायमध्ये गेली तर लॅनोलिनचा थर बसलेलाच नसतो. पुंगळ्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फवारा, पिशवी चांगली हलवा, मग कागदावर पसरून त्या पूर्ण कोरड्या होऊ द्या. असे केल्याने थोडे वंगण मानेच्या आतही जाते.

मानेची करकर मात्र मला सफाईशी जोडलेली वाटते. भुशाच्या सफाईनंतर मानेत काजळीचा हलका थर शिल्लक राहतो आणि एक्सपांडर त्याच्यावरून घसरतो. पोलादी पिना तो थर पुरता काढून टाकतात, मग उघडे पितळ आणि उघडे पोलाद एकमेकांवर घासतात. या ओढीने मान लांबते, कधी वाकडी होते, आणि डायने मागे ढकललेला खांदाही थोडासा पुन्हा पुढे खेचला जातो. काही पुंगळ्यांचा खांदा न हलण्याचे आणि लांबी वाढण्याचे कारण मी इथेच शोधेन. नायलॉनच्या ब्रशने मानेत आतून ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची कोरडी भुकटी फिरवा; बॉलवर ओरखडे असतील तर बारीक पॉलिश पेपरने ते घालवा. आवाज गेला की वीसेक पुंगळ्यांचे खांदे पुन्हा मोजा, आणि तरीही मापे विखुरलेलीच राहिली तर पितळ कमी-जास्त कडक झाले आहे असे समजून ॲनीलिंगचा (पितळ तापवून नरम करण्याचा) विचार करा. त्यात फक्त मान आणि खांदा तापवायचा असतो. बूड नरम पडले तर पुंगळी दाब सहन करू शकत नाही आणि ती थेट टाकूनच द्यावी लागते.

मॅन्ड्रेल चांगला पर्याय आहे. तो मानेत वरून खाली जातो, त्यामुळे खांदा पुढे ओढला जाण्याचा प्रश्न उरत नाही. त्यालाही आतून वंगण लागतेच.

एक गोष्ट मात्र कधीही टाळू नका. रिसाइझ झाल्यावर सगळे वंगण पुसून किंवा धुऊन काढा. पुंगळीच्या बाहेर ते राहिले तर झाडताना तिच्या भिंती चेंबरला धरत नाहीत आणि बोल्टवर येणारा दाब वाढतो; आत राहिले तर बारूद आणि प्रायमर दोन्ही बिघडू शकतात.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पिशवीतून वंगण लावून, पूर्ण वाळवून आणि मानेत ग्रॅफाइट फिरवून माझ्या पुंगळ्यांचा एक गट पुन्हा केला. करकर थांबली आणि खांद्याच्या मापांतला फरक ०.००१ इंचाच्या आत आला. लष्करी पुंगळ्या मेण लावल्यावर अजूनही जड जातात, पण अडकत नाहीत. ॲनीलिंग तूर्त पुढे ढकलतो. मॅन्ड्रेल मात्र घ्यायचा ठरवला आहे. गोळीचा व्यास ०.३०८ इंच असताना आणि मानेची पकड साधारण ०.००२ इंच हवी असताना, पितळ ०.००१ इंचाने परत आकसेल असे धरून मी ०.३०७ चा मॅन्ड्रेल मागवावा असे म्हणतो. लष्करी पुंगळ्यांच्या जाड मानेसाठीही हेच माप चालेल की वेगळे घ्यावे लागेल, हे ज्यांनी दोन्ही प्रकारांवर मॅन्ड्रेल वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे.