टर्बो घरी बदलला, आता निळा धूर थांबत नाही: मदत हवी आहे

चिमणबाग (गुरुवार, रात्री 9:40)
काल आणि आज, दोन दिवस खपून गाडीचा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) घरीच बदलला. व्हिडिओ बघत बघत सगळं नीट केलं आहे. गाडी सुरू झाली, पिकअपही आला, पण पाचेक मिनिटांत मागून निळा धूर सुरू झाला. इतका, की समोरच्या आजींनी खिडक्या लावून घेतल्या. दुकानदार म्हणतो, बसवलेला माल परत घेत नाही. टर्बोच खराब निघाला का? सोमवारी खंडव्याला भाचीचा साखरपुडा आहे, आई-बाबांना न्यायचं आहे. लवकर सांगा.

देवासनाका (रात्री 9:58)
गाडी कुठली? साल? किती चालली आहे? टर्बो नवा की रिकंडिशन (जुनाच दुरुस्त केलेला)? आणि जुना कशाने गेला?

चिमणबाग (रात्री 10:03)
डिझेल आहे हो, स्विफ्ट. टर्बोबद्दल सांगा.

रामबागकर (रात्री 10:10)
निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा गेल्या. माझ्या सुमोला हेच झालं होतं, मी दोनदा टर्बो बदलला आणि शेवटी इंजिन उघडावंच लागलं. वेळ घालवू नका, इंजिन उघडा.

देवासनाका (रात्री 10:21)
रामबागकर, थांबा जरा. टर्बो बदलण्याआधी धूर होता का, हे त्यांनी सांगितलेलंच नाही. रिंगा एका रात्रीत जात नाहीत. चिमणबाग, गाडी सुरू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून भकाभका वाफ आली तर रिंगांचा संशय घ्यायचा. नाही आली तर इंजिनला हात लावायची गरज नाही. आणि साल, किलोमीटर?

चिमणबाग (रात्री 10:44)
2012, 1,38,000 किमी. आधी धूर अजिबात नव्हता. झाकण उघडून पाहिलं, नावापुरती वाफ आहे. टर्बो रिकंडिशन आहे, साडेअकरा हजार दिले. जुना ओंकारेश्वरहून येताना भेरूघाटात गेला. आधी शिट्टी वाढली, मग गाडी ओढेचना, दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी सिमरोलपर्यंत आणली. उतरवल्यावर पंखा बोटाने हलवला तर हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, टेकत होता, पात्यांच्या कडा झिजून धारदार झाल्या होत्या.

जुना_प्राध्यापक (रात्री 11:05)
तरुण वाचकांसाठी थोडं सांगतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा दाबून भरतं. छोट्या गाडीतला हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. थर तुटला की धातूला धातू घासतो आणि काही सेकंदांत खेळ संपतो.

पाटणीपुरा (रात्री 11:12)
बारा-तेरा वर्षांची डिझेल गाडी दुरुस्त कशाला करता? दहा वर्षांनी डिझेल बंदच आहे ना.

रामबागकर (रात्री 11:15)
तो नियम दिल्ली-एनसीआरचा. आपल्या इंदूरला असं काही नाही. 15 वर्षं झाली की पुन्हा नोंदणी करून घ्यायची.

देवासनाका (रात्री 11:31)
प्राध्यापकसाहेबांनी मुद्द्याचं सांगितलं आहे, ते या गाडीला लागू होतं. टर्बो आपणहून मरत नाही, बहुतेक वेळा ऑइल त्याला मारतं. ऑइल पोचलं नाही, घाण ऑइल पोचलं, किंवा परत जायला वाट मिळाली नाही. कारण शोधल्याशिवाय दुसरा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. माझ्या गॅरेजात लोक तिसरा टर्बो हातात घेऊन येतात, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण पहिल्यालाच अर्धा तास जास्त दिला असता तर भागलं असतं.
एक, वरून ऑइल आणणारा पाइप बदलला का? दोन, इंटरकूलर (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा गार करणारा भाग) काढून आतलं ऑइल ओतलं का? तीन, खालच्या परतीच्या पाइपाला गॅस्केट नवं लावलं का? चार, सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरलं का?

चिमणबाग (रात्री 11:50)
पाइप तोच, पेट्रोलने धुतला. इंटरकूलरला हात लावला नाही, त्याचा काय संबंध? खालचं गॅस्केट सियागंजात मिळालं नाही म्हणून लाल सिलिकॉन लावलं, चांगलं जाड. चौथं नाही केलं, व्हिडिओत नव्हतं.

देवासनाका (रात्री 11:56)
गाडी आता सुरू करू नका. कृपा करून करू नका.
टर्बोच्या आत रबरी सील नसतं, बारीक धातूच्या रिंगा असतात. ऑइल स्वतःच्या वजनाने खाली पडत राहिलं तरच त्या त्याला अडवतात. तुम्ही जाड लावलेलं सिलिकॉन दोन फ्लँजमधून, म्हणजे जोडाच्या चपट्या कडांमधून, दाबून भोकात शिरलं असणार. वरून दाबाने ऑइल येतंय, खाली वाट अर्धी बंद. मग ते दोन्ही बाजूंनी, पंख्यांकडे, बाहेर पडतं. टर्बोत दोष नसतानाही हाच धूर दिसतो.
इंटरकूलरचा संबंध असा: जुना टर्बो मरताना ओकलेलं ऑइल तिथे साठून बसतं. चढावर रेस दिली की ते इंजिनात जातं आणि डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही. असं कधी झालंच तर वरचा गिअर टाकायचा, ब्रेक घट्ट दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. घाटात आई-बाबा मागे बसलेले असताना ही वेळ यायला नको.

रामबागकर (शुक्रवार, सकाळी 7:20)
सिलिकॉन मीही लावतो, कधी काही झालं नाही.

देवासनाका (सकाळी 7:48)
पाण्याच्या पंपाला, ऑइल चेंबरला लावत असाल. टर्बोच्या ऑइलच्या जोडांवर लावू नये.

विजयनगर_पेट्रोल (सकाळी 8:05)
माझी टर्बो पेट्रोल आहे. गाडी थांबवल्यावर इंजिन लगेच बंद करू नये म्हणतात, खरं का?

देवासनाका (सकाळी 8:15)
बायपासवर जोरात चालवून आलात तर मिनिटभर चालू राहू द्या. गावात सावकाश फिरून घरी आलात तर गरज नाही.

मल्हारगंज (सकाळी 9:02)
चिमणबाग, गाडीखाली शिरताना नुसता जॅक होता का? माझ्या शेजाऱ्याचा पाय थोडक्यात वाचला आहे. दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावा, मागच्या चाकांना विटा लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) स्टड गंजलेले असतील तर रात्रीच गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा.

चिमणबाग (सकाळी 9:30)
जॅकच होता. घोड्या मागवतो. एक स्टड तुटला होता, तो मिस्त्रीकडून काढून घेतला. दादा, परत उघडलं तर काय काय करू, क्रमाने सांगा ना.

देवासनाका (सकाळी 10:10)
उघडा, सिलिकॉनचा कण न् कण काढा. वरचा पाइप नवाच घ्या. आत जळून चिकटलेला कोळसा पेट्रोलने निघत नाही. काही गाड्यांत पाइपाच्या बॅन्जो बोल्टमध्ये (ऑइल जाणारा पोकळ बोल्ट) बारीक जाळी असते, असेल तर तीही बघा. तांब्याचे वायसर नवे. गॅस्केट नाहीच मिळालं तर माझ्याकडे आहे, दुपारी घेऊन जा. इंटरकूलर आणि त्याचे होज उतरवून रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या. ऑइल आणि फिल्टर बदला. मग टर्बोच्या वरच्या भोकात कुपीने ताजं ऑइल सोडा आणि पंखा बोटाने हलके फिरवा. चावी बंद असताना इंजेक्टरचे प्लग काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. चेक इंजिनचा दिवा लागेल, ते नंतर पुसून टाकता येतं. मग सुरू करून दहा मिनिटं नुसती चालू ठेवा, रेस द्यायची नाही.

चिमणबाग (रविवार, रात्री 8:15)
सगळं उघडलं. खालच्या फ्लँजमधून सिलिकॉनची लाल वळकटी आत उतरली होती, चिमट्याने ओढली तर शेवईसारखी लांब निघाली. भोक निम्म्याहून जास्त बुजलं होतं. वरचा पाइप मधोमध कापून पाहिला, सुईसुद्धा जाईना. म्हणजे पहिला टर्बो याच पाइपाने मारला. मी तो धुऊन परत लावला होता, याचं मन खात राहिलं. इंटरकूलरमधून चहाचा कप भरेल एवढं काळं ऑइल निघालं.
दादांकडून गॅस्केट आणलं, त्यांनी पैसे घेतले नाहीत. सांगितल्याप्रमाणे केलं. चौथ्या सेल्फला दिवा विझला. सुरुवातीची वीसेक मिनिटं थोडा धूर होता, तो सायलेन्सरमधल्या जुन्या ऑइलचा असावा. मग अगदी स्वच्छ.

देवासनाका (रात्री 8:40)
फार बरं वाटलं. उद्या मात्र ही गाडी घाटात नेऊ नका. आधी शंभर-सव्वाशे किलोमीटर इथेच फिरवा, मग इंजिन गार असताना सगळे नट पुन्हा तपासा.

चिमणबाग (शनिवार, दुपारी 1:05)
सोमवारी काकांच्या गाडीने गेलो. आपली गाडी आठवडाभर गावातच चालवली, 140 किमी झाले. आज सकाळी नट बघितले, मॅनिफोल्डचा एक पाव फेरा घ्यावा लागला. ऑइल मोजायच्या कांडीवर ऑइल जिथल्या तिथे आहे, इंटरकूलरचा खालचा होज काढून आत बोट फिरवलं, कोरडं आहे.